आयत्या वाटीवर हॅमस्टर

आमच्या बँकेच्या शाखेला भांडणांची थोर परंपरा आहे. व्याज पाव टक्क्यानं उतरलं म्हणून, सही जुळत नाही म्हणून, काउंटरवरचं पेन दोरीला बांधलं म्हणून आणि पुढे ते कुणी दोरीसकट नेलं म्हणून इथे भांडणं झालेली आहेत. पण उंदरावरून भांडण होण्याचा मान मात्र माझ्याच काउंटरला मिळाला.

झालं असं की जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मी सासुरवाडीला मेव्हण्याशी फोनवर बोलत होतो. सौ.चं माहेर पुरंदर तालुक्यातलं. मी मेव्हण्याला सांगत होतो, "मळणीच्या आधी बाजरीची दहाबारा कणसं बाजूला काढून ठेव. हो, दाण्यासकट. आमच्या उंदराला पाहिजेत."

रांगेत सर्वांत पुढे एक पेन्शनर गृहस्थ उभे होते. पासबुक भरून घ्यायला आलेला पेन्शनर आणि संप मोडायला आलेला अधिकारी यांचे कान सारखेच तिखट असतात. ते म्हणाले, "वा साहेब! माणसाला दाणा मिळेना, आणि तुम्ही उंदराला कणसं घालता? तेही मागवून?"

मागून एकजण म्हणाला, "आम्ही उंदराला औषध घालतो." रांग हसली. मी काही बोलणार एवढ्यात आमचे मॅनेजर केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सरकारी सुट्टीचा दिवस सोडला तर मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिल्यावर क्लार्कनं वादविवाद करायचा नसतो. मी निमूटपणे पासबुक छापून दिलं. पण त्या गृहस्थांना द्यायचं उत्तर तेव्हापासून घशाशी अडकून आहे. ते इथे देतो. रांग मोठी असली तरी वाचकांनी कृपया उभं राहावं.

प्रथम आरोपीची ओळख. उंदीर म्हणजे रात्री मोरीतून येतो तो नव्हे. हा हॅमस्टर. मुठीएवढा, सोनेरी अंगाचा, शेपूट नावापुरतं. याच्या दोन्ही गालांत दोन पिशव्या असतात. बाजारात निघालेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाप्रमाणे हा पिशव्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडतच नाही. फरक एवढाच की याच्या पिशव्या घरी विसरत नाहीत. मूळ राहणार सीरियाचा. १९३० साली इस्रायल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात कित्येक फूट खणून एक मादी आणि तिची पिलं बाहेर काढली आणि पिलं जेरुसलेमच्या विद्यापीठात नेली. आज जगभर घरोघरी जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते बहुतेक त्या एका बाळंतिणीचे वंशज. म्हणजे डोंबिवलीला आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली जो बसला आहे तो मूळचा शेतकरी. गव्हाच्या कोठारातून उचलून आणलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा खटला तिच्यावरच उभा आहे.

आमच्याकडे हा पहिला नव्हे. याच्याआधी कुकी होता. कन्येचा दहावा वाढदिवस होता आणि तिला कुत्रा हवा होता. सोसायटीचा, सौ.चा आणि माझ्या पगाराचा कुत्र्याला विरोध होता. तडजोड म्हणून हॅमस्टर आला. दुकानदारानं त्याच्याबरोबर एक गुलाबी पिंजरा दिला. दोन मजली, जिना, वर गच्ची, लहानसं चाक आणि प्लॅस्टिकची वाटी. एकूण क्षेत्रफळ आमच्या मोठ्या ताटाएवढं. मी तेव्हा म्हणालोसुद्धा, "आपल्यापेक्षा याचा फ्लॅट बरा, याला गच्ची तरी आहे." सगळे हसले. त्या विनोदाची मला आज लाज वाटते.

शिवाय खाऊ दिला. लाल, हिरव्या, पिवळ्या टिकल्या असलेलं पाकीट. मधात घोळवलेल्या दाण्यांची कांडी. दह्याच्या नावाखाली साखरेच्या गोळ्या. पाकिटावर एक हॅमस्टर हसत होता. हॅमस्टर हसत नाही, हे मला पुढे कळलं. वाटी रिकामी झाली की आम्ही भरायचो. किंबहुना रिकामी होऊच द्यायचो नाही. पाहुणचारात आपण मराठी माणसं कुणाला ऐकत नाही.

कुकी रात्री पिंजऱ्याचे गज चावायचा. एका कोपऱ्यातला एकच गज, तासन् तास. कट्कट् आवाज यायचा. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "किती गोड!" असे चौदा अभिप्राय आले. त्याच्या नाकावरचे केस गेले तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, त्याला बाहेर यायचंय का?" मी म्हणालो, "छे गं, खेळतोय तो. याला काय कमी आहे? आयतं खायला मिळतंय." वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी तो वाटीशेजारी गार पडलेला होता. वाटी भरलेली होती.

कन्येनं त्याला सोसायटीच्या जास्वंदीखाली पुरला. मी बूट घालून ऑफिसला जायला निघालो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, तो खेळत नव्हता." त्यानंतर मी त्या विषयावर वाचायला लागलो. बी.कॉम. झाल्यानंतर परीक्षेशिवाय केलेला हा माझा पहिलाच अभ्यास.

आणि वाचल्यावर जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर तीन प्रकारे ठेवून पाहिले: तळाशी दहा सेंटिमीटर भुसा, चाळीस सेंटिमीटर भुसा आणि ऐंशी सेंटिमीटर भुसा. दहावाले गज चावत बसले. ऐंशीवाल्यांत गज चावणारा एकही निघाला नाही. ते खाली बीळ करून आपल्या संसाराला लागले होते. आमच्या गुलाबी पिंजऱ्यात भुसा होता अडीच सेंटिमीटर. मी पट्टीनं मोजला. सीरियातल्या शेतांत याचे भाईबंद एक ते साडेतीन फूट खोल बिळं करतात, एका बिळात एकच मालक, आणि शेजारी धान्याची खोली. त्या माणसाला आम्ही वाटी, जिना आणि गच्ची दिली होती!

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, खोदायला नाही म्हणून तो चिडला असेल, पण खाण्याचे लाड काय वाईट? ऐका. १९६३ साली अमेरिकेत जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर एक प्रयोग केला. पुढ्यात वाटीत फुकटचं खाणं ठेवलेलं, आणि बाजूला एक दांडी. ती दाबली की तेच खाणं मिळायचं. आपल्या सर्वसामान्य व्यवहारज्ञानाप्रमाणे उंदरानं वाटीत तोंड घालून लोळायला पाहिजे. पण बरेच उंदीर वाटी सोडून दांडी दाबायला गेले. फुकट मिळत असताना कष्ट करून खाल्लं! पुढे असेच प्रयोग इतर अनेक प्राण्यांवर झाले आणि बहुतेकांनी थोड्याफार फरकानं हेच केलं. या बाबतीत पाळीव मांजर मात्र वाटीच्या बाजूनं मत देतं, असं दिसून आलं आहे. मांजराबद्दलचं माझं मत पूर्वीपासूनच वाईट आहे.

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण माणसानं केली आहे, उंदरानं नव्हे. हरीनं खाटल्यावर आणून दिलं तरी उंदीर खाटल्याखाली शोधायला जाईल. कारण शोधणं हाच त्याचा अर्धा घास आहे. हे कळल्यावर मी त्या रंगीत पाकिटाकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की ते पाकीट उंदरासाठी नाहीच. उंदराला लाल आणि हिरवा यातला फरक काय कळणार? रंग आपल्यासाठी. हसरा हॅमस्टर आपल्यासाठी. गच्ची आपल्यासाठी. ज्या घरात वेळ द्यायला नसतो त्या घरात वस्तू दिल्या जातात, आणि ते फक्त उंदराच्या बाबतीत होतं असंही नाही.

दुसरा हॅमस्टर आणायचा नाही असं ठरलं होतं. पण कन्येच्या मैत्रिणीचे वडील बदलून चेन्नईला गेले आणि त्यांचा हॅमस्टर अनाथ झाला. या वेळी मी दुकानात गेलो नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे मासे मेल्यानंतर पडून राहिलेली चार फुटी काचेची पेटी होती. ती आणली, वर जाळी बसवली आणि आत फूटभर कोऱ्या कागदाचा चुरा भरला. (बँकेतला कागद नाही. ग्राहकांची गुप्तता बिळातही राखली पाहिजे.) आमचे वडील, म्हणजे नाना, आरामखुर्चीतून पाहत होते. म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं. उंदरासाठी डोंगर आणणारा तू पहिलाच."

तो दसऱ्याचा सुमार होता. आम्ही मूळचे कोकणातले. दसऱ्याला दाराला नवं बांधतो: भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडू. गावाहून चुलतभावानं लोंब्यांची जुडी पाठवली होती. त्यातल्या उरलेल्या दोन लोंब्या आणि एक नाचणीचं कणीस कन्येनं पेटीत उभं खोचलं.

रात्री अकराला स्वारी बाहेर आली. लोंबीपाशी थांबली. मिशा हलल्या. मग मागच्या पायांवर उभं राहून त्यानं ती लोंबी दोन हातांनी खाली ओढली, हो, ओढली, शेतात माणूस फांदी वाकवतो तशी, आणि एकेक दाणा तोडून गालात भरायला सुरुवात केली. गाल फुगले, मान दिसेनाशी झाली. मग बिळात जाऊन खाली करून आला आणि पुन्हा कामाला लागला. सीरिया सोडून त्याच्या घराण्याला नव्वद वर्षांहून जास्त काळ झाला. मधल्या कुठल्याही पिढीनं शेत पाहिलं नव्हतं. तरी काही विसरला नव्हता. आम्ही चौघं अंधारात पेटीसमोर बसलो होतो. रात्रीचा एक वाजला. नाना म्हणाले, "याचं नाव खजिनदार ठेवा."

खजिनदार गज चावत नाही. एकतर गज नाहीत, आणि चावायला त्याला वेळ नाही.

आता आक्षेप घेऊ.

आक्षेप पहिला, पेन्शनर गृहस्थांचा: माणसाला मिळत नाही आणि उंदराला कणसं? साहेब, हिशेब माझा विषय आहे. रंगीत पाकीट दोनशे चाळीस रुपयांचं होतं. बाजरीचं कणीस मेव्हण्याकडून फुकट, आणि विकत घेतलं तरी किरकोळ. खजिनदाराला दिवसाला दोन चहाचे चमचे दाणा लागतो. तो मी वाढवलेला नाही. तोच दाणा वाटीत न ठेवता चुऱ्यात विखरून टाकतो. दोन दाणे पुठ्ठ्याच्या नळीत घालून तोंडं दुमडतो, चार करवंटीखाली, थोडे बाजरीच्या कणसावर तसेच. खर्च वाढला नाही, काम वाढलं. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मला आठवत नाही, पण याला काहीतरी म्हणत असले पाहिजेत.

आक्षेप दुसरा: मग नैसर्गिक म्हणून काहीही घालायचं का? मुळीच नाही, आणि इथे मी माझ्याच पक्षाच्या लोकांशी भांडतो. हल्ली "नॅचरल" असं लिहून वाळलेली पानं पहिल्या पाकिटाच्या दुप्पट भावानं विकायला लागले आहेत. परदेशी याद्यांत अशी फुलं असतात, जी डोंबिवलीत मिळवायची म्हणजे पासपोर्ट काढावा लागेल. कशाला? आपल्याकडे बाजरी आहे, राळं आहे, नाचणी आहे, चिमूटभर जवस आहे, काकडीची चकती आहे, वाळवलेली जास्वंद आहे. पण जास्वंद झाडावरची, हारातली नव्हे, कारण हारातल्या फुलावर काय फवारलं ते देवालाच माहीत, आणि देव सांगत नाही. कांदा, लसूण, संत्र्या-लिंबाची जात, चॉकलेट आणि आपला तिखट-मिठाचा चिवडा हे सर्व वर्ज्य. सूर्यफुलाचं बी आणि भोपळ्याचं बी म्हणजे सणाचं पक्वान्न, रोजचं जेवण नव्हे. नाहीतर खजिनदाराचं पोट आमच्या मॅनेजरसारखं होतं. अंथरायला कापूस तर अजिबात नको. मऊ दिसतो, पण पायात गुंततो. शिवाय एका बिळात दोन हॅमस्टर ठेवू नका. "एकटा आहे बिचारा" म्हणून जोडीदार आणाल आणि सकाळी एकच उरेल. एकटं राहण्यात सुख मानणारा प्राणी असू शकतो, हे आपल्याकडच्या लग्न जमवणाऱ्यांना पटत नाही, पण असतो.

आक्षेप तिसरा: चाक होतं ना? चाक वाईट नाही. २०१४ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मोकळ्या रानात चाक ठेवलं, तर रानटी उंदीर आपखुशीनं येऊन धावून गेले. बेडूक आले आणि बिनशंखाच्या गोगलगायीसुद्धा येऊन गेल्या! पण ते चाक वीतभर तरी मोठं हवं, म्हणजे पाठ वाकत नाही, आणि धाव सपाट हवी, म्हणजे पाय अडकत नाही. आमच्या गुलाबी पिंजऱ्यातलं चाक चहाच्या बशीएवढं होतं. त्यावर धावणं म्हणजे आठ-दोनच्या लोकलमध्ये सूर्यनमस्कार घालणं.

आक्षेप चौथा: कायद्यात कुठे लिहिलंय? लिहिलंय. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी, रुंदी प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही, त्यात तो ठेवणं हा त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. पन्नास रुपयांत स्टेशनाबाहेर दोन वडापाव येतात. म्हणजे कुकीच्या आयुष्याची किंमत दोन वडापाव. मला कुणी दंड केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

इथपर्यंत लेख संपायला हरकत नव्हती. पण एके संध्याकाळी मी करवंटीखाली दाणे लपवत असताना नाना आरामखुर्चीतून म्हणाले, "याला शोधायला देतोस ते बरं करतोस. मला काही शोधायला ठेवलेलं नाहीस."

मी दचकून पाहिलं. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं सकाळी सातला पिशवी घेऊन मंडईत जायचे. चार ठिकाणी भाव करायचे, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहायचे आणि घरी येऊन महागाईवर तासभर बोलायचे. दोन वर्षांपूर्वी पायऱ्यांवर पाय घसरला, तेव्हा आम्ही ठरवलं, आता नानांनी जायचं नाही. भाजी फोनवरून घरी येते. औषधं घरी येतात. चहा खुर्चीत येतो, पेपर हातात येतो, चष्मा शोधायच्या आत सौ. आणून देते. आम्ही त्यांची वाटी रिकामी होऊ दिली नव्हती. आणि गेले वर्षभर नाना सकाळी बाल्कनीच्या ग्रिलपाशी तासन् तास उभे असायचे, गजाला धरून. मी सौ.ला म्हणायचो, "छान वेळ जातो त्यांचा."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी काढून नानांच्या हातात दिली. काठी दिली आणि कन्येला बरोबर दिलं. सौ. घाबरली होती. मीही घाबरलो होतो. पडण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ग्रिलपाशी रोज थोडं थोडं जे होत होतं तेही पडणंच होतं, फक्त आवाज न होता. तासाभरानं दोघं आले. नाना घामाघूम आणि संतापलेले. "कोथिंबीर चाळीस रुपये! लूट आहे! मी घेतली नाही. त्या कोपऱ्यावरच्या बाईकडून तीसला आणली. आणि हे राळं. खजिनदाराला." इतका आनंदी संताप मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

आता नाना खजिनदाराचे पुरवठा अधिकारी आहेत. मी सौ.ला बजावून ठेवलं आहे, की नानांना चष्मा शोधून द्यायचा नाही. त्यांना शोधू दे. सापडतो कपाळावरच, पण त्याआधी तीन खोल्यांत फिरणं होतं.

तेव्हा त्या पेन्शनर गृहस्थांना माझं उत्तर एवढंच: साहेब, मी उंदराचे लाड करत नाही. लाड करणं थांबवलं आहे. तुम्हीही घरी कुणाला आयतं भरवत असाल तर जरा पाहा, तो गज चावतो का. आणि पासबुक भरायला तुम्ही यंत्र असताना दर आठवड्याला माझ्याच रांगेत का उभे राहता, तेही मला आता थोडंसं समजलं आहे. जरूर येत जा.

तत्त्वज्ञानाची एक खोड असते, की ते घरात पसरतं. परवा मी बँकेतून भुकेला आलो, पाटावर बसलो, तर पुढ्यात रिकामी ताटली.

"अगं, खायला काय आहे?"

"लाडू केलेत," सौ. आतून म्हणाली, "शोधा!"

अर्ध्या तासानं पोह्यांच्या डब्यामागे, मोठ्या करवंटीखाली, दोन लाडू सापडले. सिद्धान्ताशी प्रामाणिक राहायचं तर कबूल करायला हवं की फार चांगले लागले. पण हे सौ.ला सांगू नका.